धूळघाट रेल्वे : स्टेशन गेले, नाव राहिले



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे अभ्यासक बोलून गेले. मी पेशाने होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, साहित्यिक नव्हे. आमच्या शास्त्रात औषध देण्यापेक्षा रोग्याची हकिकत ऐकण्यात जास्त वेळ जातो. घराण्यात कोणाला काय होते, लहानपणी काय झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, हे सगळे आम्ही विचारतो. त्याच सवयीने आज एका बंद पडलेल्या स्टेशनाची हकिकत सांगणार आहे. स्टेशनाचे नाव धूळघाट. खांडवा ते अकोला या छोट्या लाईनवर, मेळघाटच्या जंगलात ते होते.

इथे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना 'छोटी लाईन' म्हणजे काय ते सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. रुळांमधले अंतर एक मीटर असलेली ती मीटरगेज. आता सगळीकडे दिसते ती ब्रॉडगेज, तिचे अंतर १६७६ मिलिमीटर. इंदूरच्या मराठी माणसाचे माहेर-सासर, लग्न-मुंज, देवदर्शन हे बरेचसे या छोट्या लाईनवरच झाले. आमचे सैतवाळ जैन घराणे मूळचे वाशीमकडचे. आजोबा इंदूरला आले तेव्हा गावी जायचे तर इंदूरहून छोट्या गाडीने खांडव्याला, तिथे बिऱ्हाड-बाजले उतरवून मोठ्या गाडीने भुसावळमार्गे अकोल्याला, आणि अकोल्याहून पुढे रस्त्याने वाशीम. आजी म्हणे, माहेर जवळ आहे पण वाटेत तीन गावे आडवी पडली आहेत. पुढे ही लाईन झाली आणि त्याच आजीने एका डब्यात बसून, डबा न बदलता, वाशीमला उतरण्याचे सुख पाहिले.

ही लाईन कोणी बांधली? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक चुकीचे देतात. धूळघाटच्या वळणाचे फोटो हल्ली मोबाईलवर फिरतात आणि त्याखाली 'ब्रिटिशांची करामत' असे हटकून लिहिलेले असते. ते खरे नाही. महू-खांडवा घाट जुना आहे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली एक कोटी रुपये सरकारला कर्जाऊ दिले, त्यातून होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडकडे जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या आरंभी झाली आणि तिच्यावरच्या पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत एक फाटा आला. उत्तरेत अजमेर, रतलाम, इंदूर, खांडवा अशी एक मीटरगेज आणि दक्षिणेत हैदराबाद, पूर्णा, हिंगोली अशी दुसरी. मध्ये खांडवा ते हिंगोली ही तुटलेली जागा. तिच्यात वऱ्हाड आणि सातपुडा. इंग्रजांच्या राज्यात ही जागा तुटलेलीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत जी नवी रेल्वेकामे हाती घेतली त्यांत खांडवा-हिंगोली हे एक होते. १९५० च्या दशकात काम चालले आणि १९६० च्या आसपास खांडवा, अकोला, हिंगोली एका रुळावर आले. म्हणजे धूळघाटचे वळण हे आपल्या देशी इंजिनिअरांचे, आपल्या मजुरांचे, आपल्या गरीब देशाच्या तिजोरीतून झालेले काम आहे. त्याचे श्रेय परक्याला देऊन टाकणे मला बरे वाटत नाही. चांगले दिसले की ते साहेबाचेच असणार, ही सवय आपल्याला कधी सुटणार?

याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. काम सुरू झाले तेव्हा अकोला आणि खांडवा ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती. त्या वेळच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. हिंगोली हैदराबाद राज्यात होती. आपले इंदूर मध्य भारतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेले, खांडवा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. खाली रूळ जोडले जात होते आणि वर नकाशावर रेघा ओढल्या जात होत्या. राज्ये वेगळी झाली, पण माणसांचे जाणे-येणे या लाईनने सोपे केले. इंदूर आणि हैदराबाद या दोन जुन्या मराठी वस्त्या एका गाडीने जोडल्या गेल्या त्या नेमक्या याच वर्षांत.

आता धूळघाटकडे येऊ. खांडव्याहून दक्षिणेला निघालेली गाडी गुढी, आमला खुर्द, तुकईथड अशी जाते. वाटेत तापी ओलांडते आणि मग गाविलगडच्या डोंगरात शिरते. हा सातपुड्याचाच भाग. धूळघाट अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यात. तिथून पुढे डोंगर उतरून वान नदीच्या खोऱ्यात वान रोड स्टेशन, मग हिवरखेड, अडगाव, अकोट आणि अकोला. म्हणजे गाडी तापीच्या खोऱ्यातून निघून पूर्णेच्या खोऱ्यात उतरते. या दोन्ही नद्या पुढे चांगदेवला एकमेकींना भेटतात; मध्ये उभा असलेला डोंगर मात्र गाडीला ओलांडावाच लागतो.

डोंगर ओलांडायचा तर आगगाडीची एक अडचण असते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते, म्हणून तिला बैलगाडीसारखा उभा चढ चालत नाही. समजा शंभर मीटर जाताना एक मीटर उतरायचे असा हिशोब धरला, तर वीस मीटर खाली यायला दोन किलोमीटर लांबीचा रूळ लागतो. पण डोंगरात सरळ दोन किलोमीटर जागा कुठून आणायची? मग इंजिनिअर रुळाला वळसा घालतात. गाडी गोल फिरत फिरत खाली येते आणि ज्या रुळावरून आली त्याच्याच खालून निघून जाते. वर पूल, खाली रूळ. दार्जिलिंगच्या बतासिया लूपची आपण तिकीट काढून मौज पाहतो. तसेच काम धूळघाट आणि वान रोडच्या मध्ये होते आणि साध्या पॅसेंजरच्या तिकिटात पाहायला मिळे. आपल्या लिपीतला चारचा आकडा डोळ्यांसमोर आणा. एक रेघ खाली येते, वळसा घेते आणि स्वतःलाच ओलांडून निघून जाते. तेच ते वळण. आम्ही मुले खिडकीला चिकटून बसत असू. थोड्या वेळापूर्वी आपण जिथे होतो तो रूळ आता डोक्यावर दिसतो आहे, हे कोडे सुटायच्या आत गाडी पुढे गेलेली असे.

अशा घाटात स्टेशन गावासाठी नसते, आधी गाडीसाठी असते. लाईन एकेरी. समोरून येणारी गाडी कुठेतरी बाजूला काढावी लागते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासावे लागतात. म्हणून भर जंगलात दोन-तीन रूळ, एक लहान इमारत, स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन यांची क्वार्टर्स, गँगची चाळ एवढा संसार मांडला जातो. माझ्या दवाखान्यात एक निवृत्त पॉइंट्समन बरीच वर्षे संधिवातासाठी येत. घाट सेक्शनवर त्यांची नोकरी झाली. त्यांच्याकडून मी गोळ्याची हकिकत ऐकली. एकेरी लाईनवर ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंत जाण्याचा परवाना म्हणून यंत्रातून निघालेला धातूचा गोळा मिळे. तो वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ज्याच्याजवळ गोळा त्याचीच लाईन. तो गोळा पुढच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघतच नाही, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येणे शक्य नाही. "पावसात, काळोखात, जनावराच्या भीतीत गोळा घेऊन उभे राहायचे, डॉक्टरसाहेब. पण त्या गोळ्यावर चारशे माणसांचा जीव असे, म्हणून भीती वाटायची नाही," असे ते म्हणाले. त्यांचे गुडघे त्याच पावसाने धरले होते, पण तक्रारीत तो सूर कधी आला नाही.

स्टेशन झाले की भोवती वस्ती येते. धूळघाटलाही आली. आणि पाहा कसे आहे, धारणी तालुक्यात आज दोन गावे आहेत. एकाचे नाव धूळघाट रोड आणि दुसऱ्याचे नाव धूळघाट रेल्वे. गावाच्या नावातच रेल्वे. सातबारावर, मतदार यादीत, शाळेच्या दाखल्यावर तेच नाव लिहिले जाते. गाडी गेली तरी मुलांच्या दाखल्यावरून रेल्वे गेलेली नाही.

या भागातले लोक मुख्यतः कोरकू. त्यांची भाषा आपल्या मराठीच्या किंवा गोंडीच्याही कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. मेळघाटातल्या सिपना नदीचे नाव कोरकूतले आहे. सिपना म्हणजे साग. अशा लोकांच्या दारात साठ वर्षांपूर्वी आगगाडी आली. एका बाजूला खांडव्याचा बाजार, दुसऱ्या बाजूला अकोटचा. सीताफळांच्या दिवसांत टोपल्या घेऊन बाया गाडीत चढत. मजुरीला जाणारी कुटुंबे भांड्याकुंड्यांसह फलाटावर बसलेली असत. तिकीट स्वस्त, डब्यात जागा नसली तर दारात बसून प्रवास.

डॉक्टर म्हणून मला यात दुसरेही काही दिसे. मेळघाट म्हटले की पुष्कळांना कुपोषण आणि बालमृत्यू आठवतात. तिथे बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जे अशा ठिकाणी काम करतात ते जाणतात की जंगलातला पहिला रोग म्हणजे अंतर. ताप, जुलाब, अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, यांना वेळेवर पोहोचता आले तर अर्धी लढाई जिंकली. दिवसातून दोनदा का होईना, जी गाडी माणसाला खांडव्याच्या किंवा अकोटच्या दवाखान्यापर्यंत नेते, ती औषधाच्या पेटीइतकीच मोलाची.

त्या लाईनवर मोठ्या गाड्याही होत्या. काचीगुडा आणि राजस्थान यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस पुष्कळांना आठवत असेल. मारवाडी व्यापारी, हैदराबादचे विद्यार्थी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे शीख, सगळे तिच्यात. उज्जैनचा महाकाळ, ओंकारेश्वर आणि औंढा नागनाथ ही तीन ज्योतिर्लिंगे या छोट्या लाईनच्या आधाराने करता येत. आम्हा जैनांना ओंकारेश्वराजवळचे सिद्धवरकूट आणि वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ ही दोन्ही क्षेत्रे याच वाटेवर. घरून निघताना दशम्यांचा डबा, गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायची आईची घाई, हे आमच्या प्रवासाचे ठरलेले रूप होते.

मग हे बंद का झाले? १९९२ पासून रेल्वेने देशभर एकच रुंद रूळ करायचे ठरवले. त्यात चूक काही नव्हती. दोन मापांचे रूळ म्हणजे माल उतरवा, पुन्हा चढवा, वेळ आणि पैसा दोन्ही वाया. हैदराबादकडचा भाग रुंद झाला, २००८ च्या सुमारास पूर्णा-अकोला झाला. तेव्हाच लांबची गाडी तुटली. उरली ती अकोल्याहून खांडवा-महूकडे जाणारी पॅसेंजर. इकडे इंदूरजवळचा भागही रुंद झाला. दोन्ही टोके कापल्यावर मधला तुकडा कितीसा तग धरणार? २०१७ च्या सुरुवातीपासून अकोला-खांडवा छोटी गाडी थांबली. २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला ते अकोट मोठी गाडी सुरू झाली. अकोटपुढे मात्र गाडे अडले, आणि अडले ते मेळघाटच्या वाघापाशी.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७४ पासूनचा. अकोला-खांडवा या पावणेदोनशे किलोमीटरांपैकी जवळपास चाळीस किलोमीटर त्या क्षेत्रातून जातात. रूळ आधी आले, प्रकल्प नंतर आला, हे खरे. पण हळू चालणारी छोटी गाडी वेगळी आणि वेगाने धावणाऱ्या लांब मालगाड्यांची मोठी लाईन वेगळी. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या समितीपर्यंत गेले, महाराष्ट्र सरकारनेही पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. हिवरखेडहून सोनाळा, जामोद, खकनारच्या बाजूने तुकईथडला जायचे, असा बाहेरचा मार्ग पुढे आला. तो सुमारे तीस किलोमीटर लांब पडतो, पण बुलढाणा जिल्ह्याच्या ज्या टोकाने कधी रूळ पाहिले नाहीत तिथे गाडी येते. धूळघाट आणि वान रोड मात्र कायमचे बाहेर पडतात.

या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोललो आहे. एक म्हणतात, पूर्वजांनी इतक्या कष्टाने केलेला जवळचा रस्ता टाकून का द्यायचा? दुसरे म्हणतात, माणसाला पर्यायी रस्ता मिळेल, वाघाला पर्यायी जंगल मिळणार नाही. आमच्या परंपरेत अनेकांतवाद आहे. एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि प्रत्येकाला आपली बाजू तेवढी दिसते. पण अनेकांत म्हणजे निर्णयच न घेणे नव्हे. आमच्या साधूंना ईर्यासमिती सांगितली आहे. चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. हजारो टनांची मालगाडी ईर्यासमिती पाळू शकत नाही. तिला चार हातांवर थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याने दुसऱ्याच्या घरातून जाऊ नये, हा मला न्याय वाटतो. म्हणून धूळघाटचे वळण माझे कितीही लाडके असले तरी त्यावर मोठी गाडी धावू नये, या मताचा मी आहे.

पण याचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय हे मत अपुरे आहे. वाघ वाचवण्याची किंमत कोण देतो? इंदुरात, अकोल्यात, हैदराबादेत राहणारे आपण देत नाही. आपल्याला रुंद गाडी मिळेल, तीस किलोमीटर वळसा पडेल, एवढेच. किंमत देतात धूळघाट रेल्वेचे कोरकू. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड अशा गावांनी तर जंगल सोडून अकोटच्या बाजूला नवी घरे केली. जे आत राहिले त्यांची गाडी गेली. एखाद्याची चालती वाट लोककल्याणासाठी बंद करायची असेल तर आधी दुसरी वाट उघडून द्यावी, हा साधा व्यवहार आहे. रोग्याचे जुने औषध बंद करताना आम्ही त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. रात्रीची सुद्धा मिळेल अशी रुग्णवाहिका, पावसाळ्यात न तुटणारी बस, धारणीच्या दवाखान्यात डॉक्टर, ही त्या बंद रुळाची भरपाई आहे. ती मागणे हे त्या गाडीतून प्रवास केलेल्या आपल्यासारख्यांचेही काम आहे, कारण त्या जंगलातून साठ वर्षे आपण गेलो, आणि वाटेतल्या माणसांनी गोळा धरून आपल्याला सुखरूप पार केले.

दुसरे काम आपल्या सभेसारख्या संस्थांचे आहे. दगडी किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, कारण तिथे राजे होते. स्टेशनाचा इतिहास कोण लिहिणार? तिथे स्टेशन मास्तर, खलाशी, गँगमन आणि फलाटावर चहा विकणारा होता. ही पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पाच-दहा वर्षांत सांगणारे कोणी उरणार नाही, आणि मग मोबाईलवरचे 'ब्रिटिशांची करामत' हेच खरे ठरेल. ज्यांच्या घरी छोट्या लाईनवर नोकरी केलेले कोणी आहे त्यांनी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे, लिहून घ्यावे. कोणत्या साली कुठे नेमणूक होती, घाटात किती माणसे कामाला होती, पावसाळ्यात दरड आली की काय करीत, कोरकू गँगमन वळणांना आणि ओढ्यांना कोणत्या नावांनी ओळखत. ती नावे रेल्वेच्या कागदांत मिळणार नाहीत. जुनी पुठ्ठ्याची तिकिटे, पास, बदलीचे हुकूम, फलाटावर काढलेले फोटो रद्दीत जाण्यापूर्वी सभेकडे आणून द्यावेत. ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कपाट ठेवण्याची विनंती मी कार्यकारिणीला करतो. कपाटाचा खर्च देण्यास मी तयार आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना मराठी टिकवायला पुस्तके, शाळा, गणेशोत्सव यांनी मदत केली हे आपण नेहमी सांगतो. त्या यादीत ही छोटी लाईनही घातली पाहिजे. तिने वाशीमची लेक इंदूरला आणि इंदूरची लेक हैदराबादला पोहोचवली, आजोळची भाषा दर सुट्टीला ताजी करून दिली. तो उपकार इतिहासात नोंदवावा एवढ्यासाठी मी आपला हा तासभर घेतला.